हाय-पॉवर टॉर्च, त्यांचे सेल आणि पुण्यातली एकत्रित खरेदी

कोथरूडचा_कंदील

यंदाच्या एकत्रित खरेदीसाठी हा धागा काढतोय. आधी सेल ठरवू, मग टॉर्च. हा क्रम उलटा झाला की खोक्यावरचे लुमेन बघून ऑर्डर जाते आणि आत घरात पडलेला कुठला तरी १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल) जातो. मग टर्बो, म्हणजे सर्वांत जास्त उजेडाची पातळी, मारल्यावर काही सेकंदांत उजेड बसतो आणि दोष टॉर्चच्या माथी येतो.

चर्चेसाठी तीन टॉर्च समोर ठेवतो.

सोफर्न एससी३१ प्रो: एक १८६५० सेल, एसएसटी-४० एलईडी, अँड्युरिल फर्मवेअर (बटणाच्या क्लिकने काय होईल ते ठरवणारी आतली प्रणाली), टाइप-सी चार्जिंग, कंपनीचा दावा २००० लुमेनचा. खिशात मावते, ट्रेकला पुरते.

वर्कोस एफसी११: हीसुद्धा १८६५० वर चालते. सॅमसंग एलएच३५१डी एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर, शेपटीकडे चुंबक. गाडीखाली, मीटरच्या पेटीपाशी, दुरुस्तीच्या कामाला हीच घ्यावी. लाल आणि तपकिरी वायर वेगळ्या ओळखू येतात, हा उच्च सीआरआयचा रोजचा उपयोग.

वर्कोस टीएस३०एस: एक २१७०० सेल (२१ मिमी जाड, ७० मिमी लांब), ल्युमिनस एसबीटी९०.२ एलईडी, दावा ६००० लुमेनचा. लांब फेक. ही मागणारे जास्त असतील हे माहीत आहे, पण हिच्या सेलबद्दल खाली मिलीओहम यांनी सविस्तर लिहावं अशी विनंती. त्याआधी कुणी पैसे पाठवू नका.

मिलीओहम

सेलवर दोन आकडे असतात: क्षमता, म्हणजे एमएएच, आणि सतत देता येणारा करंट. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरात छापतात. टॉर्च दुसऱ्यावर चालते.

१८६५० मध्ये नेहमी मिळणारे: सॅमसंग ३५ई (३५०० एमएएच, ८ अँपिअर), सान्यो जीए (३४५० एमएएच, १० अँपिअर), एलजी एमजे१ (३५००, १०), सॅमसंग ३०क्यू (३०००, १५), मुराता व्हीटीसी६ (३०००, १५). २१७०० मध्ये: सॅमसंग ५०ई (सुमारे ४९०० ते ५००० एमएएच, ९.८ अँपिअर), सॅमसंग ४०टी (४०००, ३५), मोलिसेल पी४२ए (४२००, ४५), मोलिसेल पी४५बी (४५००, ४५). बघा, साधारणपणे क्षमता वाढली की करंट कमी होतो. सेलच्या आतल्या पट्ट्यांवर लेप जाड दिला की क्षमता वाढते, पातळ दिला की करंट सहज वाहतो. एकाच आकाराच्या डब्यात दोन्ही पूर्ण मिळत नाही.

आता टीएस३०एस घ्या. एसबीटी९०.२ पूर्ण ताकदीने २० अँपिअरच्या आसपास खेचतो. पी४२ए चा अंतर्गत रोध १५ मिलीओहम धरला, तर २० अँपिअरला ०.३ व्होल्ट सेलमध्येच पडतात आणि ६ वॉट उष्णता सेलच्या आत तयार होते. ५०ई चा रोध ३५ मिलीओहम धरला, तर ०.७ व्होल्ट पडतात आणि आत १४ वॉट उष्णता. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, तो लोड आल्याबरोबर साडेतीनवर. एलईडीला लागणारा व्होल्टेज मिळत नाही, उजेड कमी, सेल कढत आणि त्याचं आयुष्यही घटतं. शिवाय ९.८ अँपिअरची मर्यादा दुपटीने ओलांडली जाते ती वेगळीच.

म्हणून टीएस३०एस सोबत ४०टी, पी४२ए किंवा पी४५बी यांपैकीच. ५०ई त्यात टाकायचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

एससी३१ प्रो टर्बोला सुमारे ६ अँपिअर घेते. तिथे ३०क्यू सर्वांत निश्चिंत, जीए किंवा एमजे१ चालतील. ३५ई मर्यादेत बसतो, पण सेल जुना झाला की रोध वाढतो आणि मग टर्बो लवकर बसतो. एफसी११ ला कुठलाही अस्सल १८६५० पुरेल, तिथे ३५०० वालाच घ्या, जास्त वेळ चालेल.

घाटवाट

प्रोटेक्टेड सेल घ्यावेत की साधे? आणि प्लसचं टोक चपटं की बटणासारखं वर आलेलं?

मिलीओहम

या तिन्ही टॉर्चना साधे, म्हणजे अनप्रोटेक्टेड. प्रोटेक्शनची, म्हणजे जादा करंट आणि अति उतरणं रोखणाऱ्या सर्किटची, छोटी पाटी सेलच्या मायनस टोकाला बसवलेली असते. त्यामुळे १८६५० ची लांबी ६५ वरून ६८ ते ७० मिलिमीटर होते. काही टॉर्चमध्ये झाकण पूर्ण बंद होत नाही, काहींमध्ये स्प्रिंग पार दबून जाते. दुसरी अडचण करंटची. टर्बोचा झटका पाटीच्या मर्यादेपुढे गेला की ती सर्किट तोडते आणि टॉर्च एकदम विझते. चार्जरला लावल्याशिवाय बऱ्याचदा ती परत चालू होत नाही. कड्यावर उतरताना हे व्हायला नको.

या टॉर्चच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, लो-व्होल्टेज कटऑफ असतो, त्यामुळे सेल अति उतरण्याची भीती कमी. मात्र जुन्या बिनड्रायव्हरच्या टॉर्चमध्ये किंवा ज्यांचा कटऑफ माहीत नाही अशांत प्रोटेक्टेड सेलच हवा.

टोकाचं म्हणाल तर टॉर्चच्या प्लस बाजूला स्प्रिंग असेल तर चपटं चालतं. प्लसकडे उलट जोडणीपासून बचावासाठी प्लॅस्टिकची उंच कडा असेल, तर चपटं टोक आत पोहोचत नाही, बटण लागतं. यादीत नाव देताना दोन्हींपैकी काय हवं ते लिहा.

उसाचा_फड

जुन्नरकडून लिहितोय. आमच्याकडे थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची असते, पाणी रात्री धरावं लागतं. आजूबाजूला ऊस, म्हणजे बिबट्याचा वावर. टीएस३०एस घ्यावी का? किती लांब दिसेल?

कोथरूडचा_कंदील

तुमच्या कामाला लुमेनपेक्षा कँडेला बघा. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यावर तो किती एकवटलाय. कंपन्या जो मीटरमधला पल्ला छापतात तो एफएल-१ या मानकाने काढतात: कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन. ४०,००० कँडेलाला ४०० मीटर. पण त्या अंतरावर उजेड फक्त ०.२५ लक्स उरतो, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात जनावर ओळखू येत नाही. १ लक्स तरी हवा असेल तर नुसतं वर्गमूळ धरा: ४०,००० कँडेलाला २०० मीटर. आणि पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. उसाच्या कडेने चालताना धोका दोनशे मीटरवर नसतो, वीस मीटरवर असतो. अरुंद झोताची टॉर्च मध्ये लख्ख आणि बाजूला काळोख असं करते. डोळे त्या लख्ख ठिपक्याला सरावतात आणि बाजूचं काहीच दिसत नाही. म्हणून पाणी धरताना डोक्यावर पसरट उजेडाची हेडलॅम्प, २०० ते ३०० लुमेनवर कायम चालू, आणि हातात लांब फेकीची टॉर्च गरजेपुरती. एकच घ्यायची तर एससी३१ प्रो घ्या. तिचा झोत मध्यम आहे, बाजूलाही दिसतं. हात मोकळे राहणं हा मुद्दा बारं देताना पैशांपेक्षा मोठा आहे, म्हणून खरं तर दोन वेगळ्या स्वस्त टॉर्च एका महागड्या टॉर्चपेक्षा बऱ्या.

घाटवाट

याला जोडून पावसाळ्याचं. जुलैमध्ये सिंहगड, तोरणा किंवा ताम्हिणीच्या धुक्यात हेडलॅम्प कपाळावर ठेवली की समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेडाचा झोत आणि नजर एकाच रेषेत असल्यामुळे धुक्याच्या थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. हेडलॅम्प काढून कमरेला किंवा हातात खाली धरा, पायाजवळ तिरकी मारा, आणि उजेड कमी करा. १५० लुमेन पुरतात. टर्बो मारला की भिंत आणखी दाट होते.

रंगाबद्दल: ६५०० केल्विनचा निळसर उजेड कागदावर जास्त लुमेन देतो. पण ओल्या काळ्या कातळावर शेवाळ कुठे आणि कोरडा दगड कुठे हे ४००० ते ५००० केल्विनमध्ये जास्त नीट कळतं. पर्याय असेल तिथे माझं मत ५००० लाच.

काजव्यांच्या हंगामात राजमाची, भंडारदरा भागात जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: तिथे यातली एकही टॉर्च झाडांवर मारू नका. काजव्यांची जोडी जुळते ती त्यांच्या उजेडाच्या खुणेवर. पायवाटेपुरता अगदी मंद लाल उजेड, तोही जमिनीकडे.

रात्रपाळी

२००० लुमेनची टॉर्च दीड मिनिटात ७०० वर येते. बिघाड आहे का?

मिलीओहम

नाही, तशीच बनवलेली असते. हिशेब असा. २००० लुमेनला एलईडी साधारण २० वॉट घेतो. त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग उजेड होतो, बाकीची उष्णता. म्हणजे मुठीएवढ्या ॲल्युमिनियममध्ये १३-१४ वॉट सतत ओतले जातात. तेवढा पृष्ठभाग हवेत ५-६ वॉटच टाकू शकतो. त्यामुळे तापमान चढतं, ठरलेल्या मर्यादेला ड्रायव्हर करंट कमी करतो. १८६५० आकाराची टॉर्च ५०० ते ७०० लुमेन सतत देते, तेच तिचं खरं बळ. वारा असला किंवा हातात घट्ट धरली तर थोडं जास्त, कारण हात आणि वारा उष्णता ओढून घेतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात संध्याकाळीही हवा तापलेली असते, तेव्हा आणखी कमी.

एफएल-१ मानकात लुमेन मोजतात ते टॉर्च चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. आणि चालण्याचा वेळ मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे २००० लुमेनची टॉर्च दीड मिनिट २००० आणि मग तीन तास २५० देत राहिली, तरी खोक्यावर 'टर्बो: ३ तास' छापता येतं. आलेख बघा, आकडा नको. आलेखात जी सपाट रेघ असते ती वाचायची.

मागे एकाने अँड्युरिलमध्ये तापमानाची मर्यादा वाढवायची पद्धत विचारली होती. ५० अंशांच्या वर नेऊ नका. सेल त्याच नळीत बसलेला आहे आणि त्याची उष्णता सोसण्याची कमाल साधारण ६० अंशांची.

किती वेळ चालेल याचा घरचा हिशेब: ३५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे १२.६ वॉट-तास. चांगला एलईडी मध्यम पातळीवर ड्रायव्हरच्या घटीसकट वॉटला १०० लुमेन देतो असं धरा. ३०० लुमेनला ३ वॉट, म्हणजे चार तास. राजगडावरून पहाटे उतरायला एक सेल आणि खिशात एक जादा, पुरे.

सोल्डर_सदाशिव

बनावट सेलबद्दल लिहितो, कारण तपकीर गल्लीत फिरताना '९९०० एमएएच' छापलेले १८६५० ढिगाने दिसतात. नेहमी मिळणाऱ्या अस्सल १८६५० ची क्षमता ३५००-३६०० पर्यंतच असते. ४००० च्या वरचा आकडा दिसला की तिथेच ठेवून द्या.

वजन सर्वांत सोपी परीक्षा. अस्सल १८६५० चं वजन ४५ ते ५० ग्रॅम, २१७०० चं ६७ ते ७० ग्रॅम. ३० ते ३५ ग्रॅमचा १८६५० म्हणजे आत छोटा सेल आणि बाकी पोकळी.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे जुन्या लॅपटॉप किंवा ई-स्कूटरच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेले सेल. वजन बरोबर भरतं. हे ओळखायला वेष्टनाच्या कडेतून प्लसच्या टोकाकडे नीट बघा. पॅक बनवताना निकेलची पट्टी स्पॉट-वेल्डने चिकटवतात. पट्टी उपटली की तिथे दोन किंवा चार बारीक, चकचकीत खड्डे राहतात. काही जण कानशीने घासून ते लपवतात. मग टोकावर एकाच दिशेचे ओरखडे दिसतात, नव्या सेलवर ते नसतात. मायनसचा तळही तसाच तपासा.

रंगावर विश्वास ठेवू नका. ३०क्यू गुलाबी, व्हीटीसी६ हिरवा, एलजीचा एचजी२ तपकिरी हे सगळ्यांना पाठ आहे, वेष्टन विकणाऱ्यांनाही.

आणखी एक, सॅमसंग आणि एलजी हे सेल सुट्या विक्रीसाठी बनवतच नाहीत. त्यांच्या मते ते पॅकमध्ये, सर्किटसह वापरायचे. सुटा सेल वापरताना ती काळजी आपल्या अंगावर येते, हे या खरेदीतल्या प्रत्येकाने समजून घ्यावं.

कोथरूडचा_कंदील

आता खरेदीची पद्धत.

२०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेस अॅपवर बंदी आल्यापासून टॉर्च येतात त्या कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून किंवा इथल्या आयातदारांकडून. बाहेरून मागवलं की कुरिअर आधार किंवा पॅनची केवायसी मागतं. एकाच नावावर एकाच प्रकारच्या वीस टॉर्च आल्या की कस्टमला तो व्यापारी माल वाटणार, आणि त्याला आयात-निर्यात कोड लागतो. त्यामुळे वैयक्तिक पार्सलची आयडिया सोडून देऊ. कोड असलेल्या आणि जीएसटीचं बिल देणाऱ्या आयातदाराकडूनच घेऊ. चार पैसे जास्त जातील, पण बदली मागायला समोर माणूस असेल.

सेल बाहेरून अजिबात मागवायचे नाहीत. सुटे लिथियम-आयन सेल २०१६ च्या एप्रिलपासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांच्या आत हवा. 'खेळणी' किंवा 'सुटे भाग' असं खोटं लिहून पाठवणारे विक्रेते आहेत. ती वाट आपली नाही, त्यात पार्सल जप्त होण्यापेक्षा मोठा धोका विमानाला आहे. शिवाय इथे रिचार्जेबल सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. आयातदाराकडे नोंदणी क्रमांक मागा, आर-ने सुरू होतो, आणि तो बीआयएसच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. पुण्याबाहेरच्यांना सेल जमिनीवरून जाणाऱ्या कुरिअरनेच, आत काय आहे ते स्पष्ट लिहून.

खर्चाची वाटणी अशी करू. वस्तूची किंमत ज्याची त्याने. वाहतूक वजनावर. कर आयातदाराच्या बिलात वेगळा दाखवला असेल तर किमतीच्या प्रमाणात. उदाहरण म्हणून: पार्सल ४ किलोचं आणि वाहतूक ६००० रुपये असेल, तर ग्रॅमला दीड रुपया, १५० ग्रॅमच्या टॉर्चला २२५ रुपये. एकूण माल ६०,००० चा आणि तुमची टॉर्च ३००० ची असेल, तर करातला ५ टक्के वाटा तुमचा. सरसकट समान वाटणी केली की छोटी एफसी११ घेणारा टीएस३०एस वाल्याचा भार उचलतो, ते योग्य नाही.

पैसे दोन टप्प्यांत: ऑर्डरआधी वस्तूची किंमत, माल आल्यावर बिलाचा फोटो धाग्यावर टाकून बाकीचे. ऑर्डर गेल्यावर माघार घेणाऱ्याने आपल्या जागी दुसरा माणूस द्यायचा. आणि टक्का-दोन टक्के जादा सेल मागवायचे, कारण तपासणीत एखाददुसरा गळतोच. चांगले उरले तर मूळ किमतीला धाग्यावर.

सोल्डर_सदाशिव

तपासणी वाटपाआधी, एकाच जागी. घरोघरी गेल्यावर कुणाचा चार्जर काय दाखवतो यावर वाद सुरू होतात.

लागणारं सामान: ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्हर्नियर, दोन दशांश दाखवणारा मल्टिमीटर, क्षमता मोजणारा चार खणांचा चार्जर (लिटोकाला लिआय-५०० सारखा). मल्टिमीटर तपकीर गल्लीत, व्हर्नियर बोहरी आळीत सहज मिळेल.

क्रम: प्रत्येक सेलला मार्करने क्रमांक. वजन. मग व्होल्टेज, आल्या आल्या, चार्ज करण्याआधी. कारखान्यातून सेल ३.४ ते ३.६ व्होल्टवर निघतात. एका खोक्यातले सगळे सेल एकमेकांच्या ०.०२ व्होल्टच्या आत असायला हवेत. त्यात एखादा ३.२ वर सापडला तर तो आतून स्वतःच उतरतोय, बाजूला काढा. २.५ च्या खाली असेल तर चार्ज करायचा प्रयत्नसुद्धा नको: आत तांबं विरघळून पुन्हा भलत्या जागी जमलेलं असू शकतं, आणि चार्ज करताना शॉर्ट होतो.

त्यानंतर क्षमता. पूर्ण चार्ज, अर्ध्या अँपिअरने डिस्चार्ज. इथे एक गैरसमज नेहमीचा: ३५०० चा सेल ३३०० दाखवतो म्हणून तो बनावट ठरवला जातो. कंपनी २.५ व्होल्टपर्यंत उतरवून मोजते, बरेच चार्जर २.८ ला थांबतात. शेवटचा तो थोडा भाग मोजला जात नाही. ९४-९५ टक्के आले तर सेल उत्तम. ९० च्या खाली आला तर दुसऱ्या खणात पुन्हा, तिथेही तसाच तर परत.

चार्जर जो अंतर्गत रोध दाखवतो त्यावर निकाल देऊ नका. सेल काढून पुन्हा घातला की आकडा २०-३० मिलीओहमने हलतो, कारण खणाच्या पत्र्याचा स्पर्श त्यात मोजला जातो. एकाच खणात सगळे सेल फिरवून त्यातला एखादा फार वेगळा दिसतोय का, एवढंच बघायचं.

शेवटी पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवायचे आणि पुन्हा व्होल्टेज. ४.२० चा ४.१७-४.१८ झाला तर ठीक. ४.१० झाला तर तो सेल कुणालाही द्यायचा नाही. वाटपाआधी सगळे ३.६-३.७ वर आणून ठेवू.

घाटवाट

ज्यांच्याकडे तीन-चार सेलची टॉर्च आहे त्यांनी सुटे सेल घेतले तर?

मिलीओहम

एकाच खोक्यातले, क्षमता आणि व्होल्टेज जुळणारे सेल घ्या आणि ते कायम एकत्र ठेवा. त्यांना अ-१, अ-२, अ-३ असं लिहा, एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा.

सोफर्न एसपी३६ या टॉर्चमध्ये तीन सेल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस जोडून, असतात. त्यात एक ४.२ चा आणि एक ३.४ चा घातला, तर फरक ०.८ व्होल्ट. दोघांचा रोध मिळून ८० मिलीओहम धरला तर झाकण आवळताक्षणी १० अँपिअर एका सेलमधून दुसऱ्यात, तेही चार्जिंगच्या दिशेने. कुठलाच १८६५० इतक्या वेगाने चार्ज करायचा नसतो. फरक ०.०५ व्होल्टच्या आत ठेवा.

सिरीजमध्ये, म्हणजे सेल एकापुढे एक जोडलेले असतात तिथे, धोका वेगळा. कमी क्षमतेचा सेल आधी संपतो, बाकीचे त्यातून करंट ढकलत राहतात, त्याचा व्होल्टेज शून्याखाली जातो. तो गरम होऊन वाफ सोडू शकतो. आणि टॉर्चची नळी बंद डबा असते, वाफेला जायला जागा नसते. म्हणून सिरीजच्या टॉर्चमध्ये घरचा जुना सेल नव्याबरोबर कधीच नको.

रात्रपाळी

चार्जिंग किती अँपिअरने? आणि टाइप-सी टू टाइप-सी केबलने माझी टॉर्च चार्जच होत नाही.

सोल्डर_सदाशिव

केबलचं आधी. टाइप-सी चार्जरला समोर उपकरण आहे हे कळण्यासाठी टॉर्चच्या सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. स्वस्त टॉर्चमध्ये ते बसवलेले नसतात, म्हणून चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. टाइप-ए टू टाइप-सी केबल आणि फोनचा जुना चार्जर वापरा, चालेल.

चार्जिंग क्षमतेच्या निम्म्या करंटने: ३००० ला दीड अँपिअर, ४२०० ला दोन. घाई नसेल तर १ अँपिअर कुठल्याही सेलला चांगला. हवा ४५ अंशांच्या वर असेल तर चार्ज करू नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवर किंवा उन्हातल्या गाडीत चार्जिंग नको. गाडीत डॅशबोर्डवर सेल ठेवणंही नको. रात्री झोपताना चार्जर चालू ठेवू नका आणि तो गादीवर, सोफ्यावर नको, फरशीवर ठेवा.

सेल पेटला तर भरपूर पाणी. लिथियम-आयनमध्ये धातूरूप लिथियम नसतो, त्यामुळे पाणी चालतं, आणि सेल थंड करणं हाच मुद्दा असतो. धूर विषारी असतो, खोलीबाहेर व्हा.

खिशात किंवा सॅकमध्ये सुटा सेल नाणी-किल्ल्यांबरोबर टाकायचा नाही. प्लॅस्टिकची डबी प्रत्येकाला सक्तीने देऊया, खर्चात धरा. फाटक्या वेष्टनाचा सेलही वापरायचा नाही: प्लसच्या टोकाभोवतीची सगळी कड मायनस असते, वेष्टनाला एवढीशी चीर पडली तरी ती नळीला टेकून शॉर्ट होते. नवं पीव्हीसी वेष्टन आणि प्लसवरची कागदी चकती बुधवार पेठेत मिळते. चकती विसरू नका, केस सुकवायच्या ड्रायरने वेष्टन आक्रसतं.

घाटवाट

टॉर्च सॅकमध्ये आपोआप चालू होणं ही या ताकदीच्या टॉर्चची सर्वांत वाईट सवय. टर्बोला काच कापडावर टेकली तर कापड जळतं. टेलकॅप, म्हणजे शेपटीचं झाकण, पाव फेरा सैल करा. बहुतेक टॉर्चच्या आट्यांवर अॅनोडायझिंगचा थर असतो, तो वीज वाहू देत नाही, म्हणून पाव फेऱ्यात सर्किट तुटतं. अँड्युरिलमध्ये टॉर्च बंद असताना चार क्लिक म्हणजे लॉक, पुन्हा चार क्लिक म्हणजे उघड. बंद असताना तीन क्लिक दिल्या की सेलचा व्होल्टेज लुकलुकून दाखवते: आधी चार, मग थांबून एक, म्हणजे ४.१.

सैल झाकणाचा दुसरा फायदा: बटणात सतत पेटणारा छोटा दिवा असेल आणि तो १ मिलीअँपिअर खात असेल, तर ३००० एमएएचचा सेल सव्वाशे दिवसांत रिकामा होतो.

सोल्डर_सदाशिव

आटे काळे पडले, उजेड लुकलुकायला लागला की बहुतेकांना टॉर्च गेली असं वाटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आटे आणि नळीची उघडी कड पुसा. करंट जातो त्या कडेतून, तिथल्या काळ्या थरामुळे टर्बो बसतो. मग ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. व्हॅसलिन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं आणि पावसाळ्यात नेमकं पाणी शिरतं. ओ-रिंग तुटली तर जुनी सोबत नेऊन नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जाडी आणि आतला व्यास जुळवून घ्या.

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी साध्या स्टीलच्या स्प्रिंगला २२ गेजची सिलिकॉन वायर समांतर जोडावी. स्प्रिंगचा रोध २० मिलीओहम असेल तर १० अँपिअरला २ वॉट तिथेच जळतात, आणि तापून स्प्रिंग मऊ पडली की ती बसते, सेल खुळखुळायला लागतो. वायर थोडी सैल ठेवा, स्प्रिंग पूर्ण दबली तरी ताण यायला नको.

उसाचा_फड

एससी३१ प्रो एक, ३०क्यू दोन, डबी. बटण की चपटं?

मिलीओहम

तिला चपटं चालतं. एक सेल टॉर्चमध्ये, एक डबीत, आठवड्याला अदलाबदल करा म्हणजे दोन्ही सारखे झिजतील.

रात्रपाळी

जुने सेल कुठे द्यायचे?

कोथरूडचा_कंदील

कचऱ्याच्या बादलीत नाही. कॉम्पॅक्टरच्या गाडीत दबले की पेटतात आणि ते उचलणाऱ्या माणसाच्या हातात पेटतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलनात वेगळे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे परत घ्यायची जबाबदारी उत्पादक-आयातदाराची आहे, म्हणून आपल्या आयातदाराला ही अट ऑर्डरमध्येच लिहून घालू.

यादीत नाव देताना चार गोष्टी एका ओळीत: टॉर्च, सेलचं नेमकं मॉडेल आणि संख्या, टोक कोणतं, पुण्यात हातात घेणार की कुरिअर. टीएस३०एस सोबत ५०ई लिहिलेली नोंद यादीत घेतली जाणार नाही. तपासणीचा तक्ता, प्रत्येक सेलच्या क्रमांकासह, वाटपाआधी इथेच टाकतो. आपल्या सेलवरचा क्रमांक त्या तक्त्याशी जुळवून मगच बाकीचे पैसे द्या.